सानिटोरम

माझं कान लई तिखट हायेत. डोळं अधू झालं, गुडघं गेलं, ह्या हिवाळ्यात निमोनियानं छातीचंबी वाटोळं क्येलं, पन कान तेवढं शाबूत ऱ्हायलं. देवानं त्येबी नेलं आसतं तर मार्च महिन्यात माझ्या जिवाला येवढा घोर लागला नसता.

झालं काय, मी आपली अंगनात सुपात तांदूळ घिऊन निवडत बसलेली. आत माझी सून फोनवर बोलत व्हती. मोनिका तिचं नाव. चाकणला कंपनीच्या हाफिसात हाय, त्यामुळं फोनवर बोलायचा आवाज मोठा; तिकडं मशिनी धडधडत्यात, त्यावर वरडून बोलायची सवय झालीया. ती म्हनली, "हो, सॅनिटोरियमच ना ते? हो हो. आईंना खालीच ठेवू. जिना जमत नाही त्यांना. आणि तिथं बघायला बाई असतेच ना? मग काही काळजी नाही."

माझा हात सुपातच ऱ्हायला.

आता तुमी म्हनाल, म्हातारे, येवढं काय झालं त्यात? तर ऐका. सानिटोरम म्हंजी काय, त्ये मला कुनी सांगायला नगं. मी आठ वर्साची आसताना माझ्या आईला क्षय झाला. तवा आमच्या मोशीत ना डांबरी रस्ता, ना मोटार. माझ्या बापानं बैलगाडी जुपली, खाली कडबा टाकला, वर गोधडी टाकली, आन म्हनला, "चार दिस सानिटोरमात ऱ्हा. हवा बदलली की बरं वाटंल. मंग आनतो तुला." आईनं आपलं ताट, वाटी, तांब्या फडक्यात बांधून घ्येतला, कारन तिची भांडी येगळी आसायची. त्या दिशी तिनं माझी येनी दोनदा घातली. येकदा घातली, सोडली, आन पुन्यांदा घातली. चार दिसाचं चाळीस झालं, आन मंग बाप येकलाच रिकामी गाडी घिऊन आला. आईला ठाव व्हतं का, ह्यो इचार मी जलमभर क्येला. आता वाटतं, व्हय, ठाव व्हतं. तिनं इचारलं न्हाई, येवढंच.

तर आसा त्यो शबुद. आन त्यो माझ्या सुनंच्या तोंडात.

रातच्याला जेवताना रणजीत, म्हंजी माझा ल्योक, हसत हसत म्हनला, "आई, डॉक्टर म्हणाले होते ना हवापालट करा म्हणून? सायलीची परीक्षा संपली की आपण सुरुबंदरला जायचं. समुद्रकाठी. चार दिवस."

चार दिस! मी घास गिळला. म्हनले, "बरं."

"बरं काय? खूश नाही का तू?"

"लई खूश हाय बाबा."

आता तुमीच सांगा, त्येचं वागनं कसं झालं व्हतं त्ये. हिवाळ्यात मी अकरा दिस दवाखान्यात पडले, नाकाला नळी, तवापासनं ह्यो मला नुसता फुलावानी झेलत व्हता. नवं स्वेटर आनलं. रविवारी सोता मटन रांधलं, नळी माझ्या ताटात वाढली. येरवी ह्यो मानूस चा सुदिक करून घेत न्हाई. मी मनात म्हनले, अंबुबाई, बकऱ्याला आदी पाला घालत्यात.

मन चिंती त्ये वैरी न चिंती, म्हनत्यात त्ये काय खोटं न्हाई. येकदा मनानं धरलं की समदंच तसं दिसाय लागतं. नात सायली गळ्यात पडली तरी वाटायचं, पोरीला ठाव हाय. मोनिकानं माझ्या गोळ्या डबीत भरल्या, सकाळच्या येगळ्या, रातच्या येगळ्या, तर वाटलं, त्या बघनाऱ्या बाईसाठी भरती हाय.

मंग इचारलं का न्हाई? ह्येच तुमच्या मनात आलं आसंल. आवो, इचारून काय करू? इचारलं तर त्यो म्हनंल, छ्या छ्या आई, काहीतरीच काय! म्हंजी मी माझ्याच पोराला खोटं बोलायला लावलं. पोटच्या पोरानं आपल्या तोंडाकडं बघून खोटं बोलावं, आन आपल्याला त्ये कळावं, त्यापरीस न इचारल्यालं बरं.

म्हनून मी माझी पिशवी भरली. चार लुगडी, जप करायची माळ, मालकांचा फोटू. आन माझं ताट, वाटी, तांब्या. मोनिकानं बघितलं आन म्हनली, "अहो आई, भांडी कशाला? तिथं सगळं मिळतं."

"आसू दे. मला माझ्या ताटाची सवय हाय."

"आणि बाबांचा फोटो?"

"त्येंनीबी समुद्र बघितला न्हवता."

ती हसली. मला रडू आलं, पन मी तांब्याला कल्हई नीट हाय का बघितल्यावानी मान खाली घातली. आन जायच्या दिशी अंगनातल्या कढीपत्त्याला दोन हंडं पानी घातलं. शेजारच्या सोजराबाईला सांगून आले, बाई, माझं कायबी बोलनं मनात ठिवू नगं. ती येडी म्हनली, "आगं, चार दिसांनी येशील की!"

मी म्हनले, "व्हय."

सुरुबंदर म्हंजी घाट उतरून खाली, पनवेलच्याबी पल्याड लई लांब. गाडीत सायलीनं गानी लावली. मी खिडकीतनं बघत बसले. रस्ता ध्यानात ठिवायचा म्हनलं तर कशाचं काय, समदी वळनं सारखीच.

समुद्र दिसला तवा मातूर मी समदं इसरले. खोटं कशाला बोलू! त्र्याहत्तर वर्सात येवढं पानी म्या बघितलं न्हवतं. आमच्या इंद्रायनीवर आता कवाकवा फेस येतो, बघवत न्हाई. हितंबी फेस व्हता, पन नितळ, पांढरा, ताकावर येतो तसा. सुरूच्या झाडांतनं वारं आलं आन हिवाळ्यापासनं पयल्यांदा माझ्या छातीत शेवटपतुर हवा गेली. खोकला न्हाई, काय न्हाई. मी म्हनले, मरायला जागा वंगाळ न्हाई.

पन मंग त्यो सानिटोरम दिसला. लांबलचक दगडी इमारत, पुढं वऱ्हांडा, वऱ्हांड्यात लाकडी आरामखुर्च्यांची वळ, समद्या समुद्राकडं तोंड करून. दारावर दगडात कोरल्यालं नाव. तिथं कुसुमताई म्हनून बाई व्हत्या, माझ्यापरीस धा-बारा वर्सांनी ल्हान आसतील, त्याच समदं बघत व्हत्या. बोलायला लई मोकळ्या. त्यांनी पोरीला हिकडं तिकडं फिरवून दावलं.

"शंभर वर्षं झाली याला. मुंबईच्या एका शेटनं बांधलं. बायकोला छातीचा आजार, डॉक्टर म्हणाले समुद्राची हवा द्या. मग तिच्यासारखे अजून आजारी लोक यायला लागले. महिना महिना राहायचे. सकाळी समुद्रावर चालायचं, दुपारी खुर्चीत पडायचं, आणि हवा खायची. औषध म्हणाल तर हवा हेच."

सायली म्हनली, "वॉव! म्हणजे जुन्या काळचं वेलनेस रिसॉर्ट!"

"आणि बरे व्हायचे?" मोनिकानं इचारलं.

"काही व्हायचे," कुसुमताई म्हनल्या.

काही. मी भिंतीकडं बघितलं. चुना मारल्याला व्हता, तरी खालून खाटांचं नंबर दिसत व्हतं. मला खालची, कडंची खोली दिली. तिच्या भिंतीवर सात.

रणजीतनं माझी पिशवी आत आनून ठिवली. "आई, आवडली का खोली? आम्ही शेजारीच आहोत. दार लोटलेलंच ठेव."

त्या सांजंला जेवन झाल्यावर मी मोनिकाला म्हनले, "माझ्या कपाटाची चावी देवघरातल्या पितळी डब्यात हाय, तांदळाच्या खाली. सायलीच्या लग्नात पुतळ्याची माळ तिला घाल. आन मिरच्या ऊन दिल्याबिगर कांडपाला नेऊ नगं, मसाल्याला बुरशी धरती."

मोनिकानं माझ्या कपाळाला हात लावला. "आई, असं का बोलताय? बरं वाटत नाही का? डॉक्टरांना फोन करू?"

"नगं. झोप जा. तुला दगदग झालीया."

दुसऱ्या दिशी मी उठले तवा उजाडलं व्हतं. येरवी मला पाचाला जाग येती, पन त्या हवेनं डोळा लागला आसंल. बाहीर आले. शेजारचं दार बंद, कडी बाहीरनं लावल्याली. हाका मारल्या, "रणजीत! सायले!" कुनी न्हाई. वऱ्हांड्यातनं फाटकाकडं बघितलं. झाडाखाली काल गाडी हुबी व्हती. आता तिथं नुसतं चाकाचं वळ.

म्हनलं, झालं. गेले.

तुमाला सांगते, मला राग आला न्हाई. माझा राग म्हंजी आख्ख्या मोशीला ठाव हाय. प्लॉटिंगवाल्याला मी इळा घिऊन बांधावरनं पळवला व्हता. पन तवा मला काय वाटलं म्हाईत हाय का? सायलीनं मला उठीवलं का न्हाई, येवढंच. पोरीनं येक पापी घ्यायची व्हती. मी झोपल्याली आसले म्हनून काय झालं!

मी जरा येळ खुर्चीत बसले. समुद्राला काय, त्येचं आपलं चालल्यालं, येतोय आन जातोय. मंग मी तोंड धुतलं, पदर खवला, कोपऱ्यातला झाडू घ्येतला आन वऱ्हांडा झाडाय लागले. वाळू लई येती हितं. खुर्ची सारायची, झाडायचं, पुढची खुर्ची सारायची. निम्मा वऱ्हांडा झाला तवा दम लागला, पन मी थांबले न्हाई.

कुसुमताई दुधाची बरनी घिऊन आल्या आन दारातच थबकल्या. "अहो आजी! हे काय? तुम्ही कशाला झाडताय?"

मी म्हनले, "ताई, मला बसून खायची सवय न्हाई. हितं ऱ्हायाचं तर मी काम करून ऱ्हाईन. भाकरी चांगल्या करते. डोळ्यानं कमी दिसतं, पन पीठ हाताला कळतं."

"राहायचं? किती दिवस?"

"जवर हाय तवर."

त्यांनी बरनी खाली ठिवली. "आजी, तुमचा मुलगा बंदरावर गेलाय, मासळीच्या लिलावाला. पोरीला बघायचा होता. मला सांगून गेलाय, आई शांत झोपलीय, उठवू नका, उठली की चहा द्या. मीच मेली दूध आणायला गेले."

मी पायरीवरच बसले. आन मंग रडले बाई, आशी रडले! आठ वर्साची आसताना रडले नसंन तशी. कुसुमताई शेजारी बसल्या, पाठीवर हात फिरवत, आन माझ्या तोंडातनं समदं बाहीर पडलं. आई, बैलगाडी, ताट-वाटी, फोनवरचं बोलनं, समदं. मी हात जोडून म्हनले, "ताई, माझ्या पोरांना ह्ये सांगू नगा. आईची आन हाय तुमाला."

"नाही सांगत हो," त्या म्हनल्या. "आणि इथं आता आजारी माणसं ठेवत नाहीत आजी, नुसते सुट्टीचे पाहुणे येतात."

आन गाडी फाटकात शिरली न शिरली तर ती बाई पदर सावरत पळत गेली आन तिघांना समदं सांगून मोकळी झाली! लांबनं मला तिचं हात हलताना दिसत व्हतं. म्हनलं, आगं भवाने, तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?

रणजीत माझ्यासमोर आला. हातात मासळीची पिशवी, तिच्यातनं पानी गळत व्हतं. त्येचं तोंड बघून मला वाटलं, ह्येच्यापरीस ठिवून गेला आसता तर बरं.

"आई, तुला खरंच वाटलं? मी तुला टाकून जाईन असं?"

"व्हय," म्हनले. "वाटलं."

त्यो पिशवी तिथंच टाकून समुद्राकडं चालाय लागला. सायली माझ्या गळ्यात पडून रडाय लागली, "आज्जी, यू आर सो स्टुपिड!" आन पटापटा चार-पाच पाप्या घ्येतल्या. मी तिला बाजूला क्येलं आन रणजीतच्या मागं गेले. वाळूत चालायची मला सवय न्हाई, पाय रुतत्यात. त्यो ओल्या वाळूवर बसला व्हता, पन्नाशीला आल्याला बाप्या, गुडघ्यात मान घालून.

मी शेजारी बसले. म्हनले, "चुकलं माझं."

"एकदा विचारायचं तरी."

"इचारलं आसतं, आन तसं आसतं, तर तुला खोटं बोलावं लागलं आसतं."

"आणि तू तशीच आलीस? ताट घेऊन? काही न बोलता?"

"मंग काय वरडत येऊ?"

त्येनं माझ्या मांडीवर डोकं ठिवलं. पाचवीत नापास झाला तवा ठिवलं व्हतं, त्येच्यानंतर आताच. केस पार इरळ झाल्यात त्येचं. मी हात फिरवत बसले. लाट आली, माझं लुगडं भिजलं, त्येची प्यांट भिजली, पन कुनी उठलं न्हाई. मंग त्योच म्हनला, "अगं आई, खालच्या खोलीत ठेवू, म्हणजे जिना नको म्हणून!" आन आमाला दोघांनाबी हसू फुटलं. डोळ्यात पानी आन हसू, येडेच दोघंबी.

आता गोष्ट हितं सपली आसती तर मलाबी बरं वाटलं आसतं.

मी सैपाकघरात आले तर मोनिका पाटावर बसून मासळी साफ करत व्हती. तिच्या माहेरी न्हाई येवढं मासळीचं, पन यूट्यूबवर बघून करती. मी सामनं बसले. ती वर बघंना.

"आगं, माझं म्हातारीचं डोकं. तू नगं मनावर घिऊ," मी म्हनले.

ती सुरी खाली ठिवून म्हनली, "आई, मी बोलले होते."

"काय?"

"हॉस्पिटलमध्ये. तुम्ही आत होतात, ऑक्सिजनवर. नवव्या दिवशी. मी रात्री खुर्चीत, सकाळी तिथूनच चाकणला, सायलीची दहावी. मी यांना म्हटलं, घरी आणल्यावर कोण बघणार? आता आईंना कुठंतरी ठेवावं लागेल. माझ्याच्यानं नाही होणार." तिचा आवाज, त्यो मशिनीवर चढनारा आवाज, पार बारीक झाला व्हता. "हे उठून बाहेर गेले. परत कधी तो विषय निघाला नाही. पण मी म्हटलं होतं. तुम्ही उगाच नाही घाबरलात."

बाहीर सायली कुसुमताईला कायतरी इचारत व्हती, त्येच ऐकू येत व्हतं. सुनंच्या तोंडनं आसं ऐकायचं म्हंजी काय सोपं हाय का? येखादी म्हनली आसती, बघा, शेवटी खरंच निघालं. माझ्याबी जिभंवर आलं व्हतं.

पन माझ्या ध्यानात आल्या त्या अकरा राती. डोळं उघडलं की काचंतनं ही दिसायची, खुर्चीत मान वाकडी करून झोपल्याली, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. माझ्या पोटच्या लेकी दोन दिस येऊन, फळं ठिवून गेल्या.

मी म्हनले, "बोललीस, लई बरं झालं."

ती रडाय लागली. "नाही हो आई. मी नाही ठेवणार तुम्हाला कुठं. कध्धीच नाही. शप्पथ."

"आन नगं घिऊ. तुझीबी पाठ दुखती, तुलाबी नोकरी हाय. मी आज वऱ्हांडा झाडला, उद्या खाटंवर पडले तर? कुनाच्यानं काय हुईल आन काय न्हाई, त्ये आजच कसं सांगायचं? तू येकच कर, मोनिका. मला फसवून नेऊ नगं. चार दिस म्हनू नगं. सामनं बस आन सांग, आई, आता आमच्यानं हुत न्हाई. मी माझ्या पायानं गाडीत बसंन. कुनाला शिव्या देनार न्हाई."

मला वाटलं, आता म्हनंल, "काहीतरीच काय आई!" समद्या सुना म्हनत्यात तशी. तसं म्हनली आसती तर मी हसून सोडून दिलं आसतं, आन तिच्यावर पुन्यांदा कवा इस्वास ठिवला नसता. पन ती तसं म्हनली न्हाई. हातानं डोळं पुसायला गेली तर माशाची खवलं गालाला चिकटली. मी पदरानं पुसली.

"सांगेन, आई," ती म्हनली. "सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेन."

मंग मी तिनं खाली ठिवल्याली सुरी उचलली, कारन त्या बांगड्याचं तिनं पार भरीत करून टाकलं व्हतं. दुपारी रस्सा-भात खाऊन मी वऱ्हांड्यात आरामखुर्चीत आडवी झाले, ती दिवेलागनीलाच जागी झाले. सायली म्हनली, मधी तिघंबी गाडी घिऊन बाजारात जाऊन आली, मला दोनदा हाक मारली, आन मी काय उठले न्हाई.